मुधोळकर पेठेतला ‘मवाळ’ माणूस

टिळकांच्या काळात अमरावतीत राहून त्यांच्या विरुद्ध गटात टिकून राहणं सोपं नव्हतं. रावबहादूर रघुनाथ नरसिंह मुधोळकर टिकले. काँग्रेसचे अध्यक्षही झाले. आणि नंतर आपण त्यांना विसरलो.

अमरावतीत रिक्षावाल्याला ‘मुधोळकर पेठ’ म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो. ‘खापर्डे बगीचा’ म्हटलं तरी सोडतो. आता कॉलेजच्या कट्ट्यावर विचारून बघा, की हे खापर्डे कोण? दहातले चार-पाच तरी सांगतील : दादासाहेब खापर्डे, टिळकांचे जिगरी दोस्त, ‘वऱ्हाडचे नवाब’. शिर्डीची डायरी वाचलेलं घरातलं कुणी असेल तर उत्तर आणखी लांबेल. मग विचारा, मुधोळकर कोण? इथं बहुतेक सगळे मोबाईल काढतात.

गंमत म्हणजे या दोघांपैकी काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले ते मुधोळकर. १९१२ साली. आजच्या भाषेत सांगायचं तर आपल्या गावातला एक वकील देशातल्या सगळ्यात मोठ्या राजकीय व्यासपीठाच्या मधल्या खुर्चीवर जाऊन बसला. तरी त्यांचं स्टेटस कुणी ठेवत नाही, जयंतीला रॅली निघत नाही. काहून? कारण ते ‘मवाळ’ होते. शाळेच्या इतिहासात जहाल आणि मवाळ अशी दोन खोक्यांची आकृती असते. जहाल म्हणजे शूर आणि मवाळ म्हणजे अर्ज-विनंत्या करणारे, एवढं पाठ करून आपण पाच मार्कांचा प्रश्न सोडवतो. त्या दुसऱ्या खोक्यात खरी माणसं होती, हे लक्षातच येत नाही.

पॅरिसमध्येही होते ‘मवाळ’

अमरावतीत येण्याआधी एक चक्कर फ्रान्सची. १७८९ ची राज्यक्रांती म्हटलं की बास्तीलचा तुरुंग आणि गिलोटिन डोळ्यांसमोर येतं. पण त्या गर्दीत असाही एक गट होता ज्याला राजा हवा होता, फक्त मोकाट राजा नको होता. राजाच्या हातात कायद्याची बेडी असावी, लोकांनी निवडलेलं सभागृह असावं, आणि सगळं लिखित घटनेनुसार चालावं, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला या विचाराचा म्होरक्या होता मुनिए. दोन सभागृहं असावीत आणि राजाला नकाराधिकार असावा ही त्याची मागणी सप्टेंबर १७८९ मध्ये पडली, आणि थोड्याच दिवसांत तो पॅरिस सोडून गेला.

दोन वर्षांनी, जून १७९१ मध्ये, राजा सोळावा लुई चोरून पळून जाताना वारेन गावात पकडला गेला. लोक भडकले. तेव्हा जाकोबिन क्लबमधून एक मोठा गट बाहेर पडला आणि फोयाँ नावाच्या जुन्या मठात बसू लागला. त्यावरून त्यांचं नाव पडलं फोयाँ. बार्नाव्ह, द्युपोर, लामेत ही त्यातली मुख्य नावं. लाफायेतही याच बाजूचा. सप्टेंबर १७९१ मध्ये यांच्या मनासारखी घटना आली, पण ती वर्षभरही चालली नाही. १० ऑगस्ट १७९२ ला राजवाड्यावर हल्ला झाला आणि राजेशाही कोसळली. लाफायेत सीमेपलीकडे पळाला, तर तिथं ऑस्ट्रियाच्या लोकांनी त्याला पाच वर्षं कैदेत टाकलं. वकील असलेल्या बार्नाव्हला नोव्हेंबर १७९३ मध्ये गिलोटिनवर चढवलं. वय ३२.

मधल्या माणसाला दोन्हीकडून मार बसतो, हे पॅरिसनं असं दाखवून दिलं. राजाच्या लोकांना तो फितूर वाटतो आणि क्रांतीच्या लोकांना राजाचा चमचा. शंभर वर्षांनी आपल्याकडे मवाळांची गत साधारण अशीच झाली. फरक मोठे आहेत, ते पुढे बघू. पण स्वभावाचा साचा ओळखीचा आहे : सम्राट राहू दे, पण त्याचा कारभार कायद्यानं बांधा आणि आमची माणसं सभागृहात बसवा.

१८५७ चा जन्म

रघुनाथरावांचा जन्म १६ मे १८५७ चा, धुळ्याचा. म्हणजे मेरठला बंडाची ठिणगी पडून सहाच दिवस झाले होते. घर मध्यमवर्गीय. सुरुवातीचं शिक्षण धुळ्यात आणि वऱ्हाडात, पुढचं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात. हुशारीमुळे तिथं फेलोशिप मिळाली. मग कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली थाटली ती अमरावतीत.

अमरावतीच का, याचं एक उत्तर कापसात आहे. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला, आणि मँचेस्टरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे वळल्या. त्याच काळात रेल्वे आली. खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारांत पैसा खेळू लागला. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. पैसा आला तसे व्यवहार आले, व्यवहार आले तशी भांडणं आली, आणि भांडणं आली की वकील आलेच. मुंबई-पुण्याहून शिकून आलेल्या तरुण वकिलांसाठी अमरावती म्हणजे तेव्हाचं ‘करिअर डेस्टिनेशन’ होतं. खापर्डे सरकारी नोकरी सोडून १८९० मध्ये इथंच वकिली करू लागले. मोरोपंत जोशीही इथलेच, जे पुढे मध्य प्रांताचे गृहमंत्रीपद म्हणता येईल अशा जागेवर बसले आणि ‘सर’ झाले. अमरावतीचं सगळं राजकारण म्हणजे या बाररूमचं राजकारण होतं. सकाळी कोर्टात एकमेकांविरुद्ध उभं राहायचं आणि संध्याकाळी एकाच सभेत शेजारी बसायचं.

वऱ्हाड नेमकं कुणाचं?

मुधोळकर कायद्याच्या वाटेला एवढे का चिकटले, हे कळायचं तर वऱ्हाडची विचित्र अवस्था समजून घ्यावी लागते. कागदावर वऱ्हाड इंग्रजांचं नव्हतंच. ते हैदराबादच्या निजामाचं. १८५३ च्या तहानं, निजामाच्या फौजेचा खर्च भागवायला, ते इंग्रजांकडे ‘सोपवलेलं’. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपये भाड्यावर ते कायमचं इंग्रजांकडे आलं आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडलं गेलं.

म्हणजे बघा, मालक निजाम, वहिवाट इंग्रजांची आणि आपण भाड्याच्या घरातलं सामान! याचा परिणाम रोजच्या आयुष्यावर होता. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इथं आपोआप लागू होत नसत, वेगळा हुकूम काढून आणावे लागत. कायदे मंडळात वऱ्हाडचा माणूस पाठवायचा तर तो ब्रिटिश प्रजाजन आहे की नाही, इथपासून अडचण. पुढे निवडणुका आल्या तेव्हाही वऱ्हाडातून लोकांनी निवडलेल्या माणसाला सरकारनं कागदोपत्री ‘नेमायचं’, असा उलटा कान धरावा लागे. कापसातून सरकारला महसूल भरपूर, पण तो कुठं खर्च व्हावा हे विचारायला वऱ्हाडच्या माणसाला खुर्ची नाही.

अशा ठिकाणी वकिली करणाऱ्या माणसाला कायदा हा किती मोठा प्रश्न आहे ते घोषणा न देताच कळतं. आपल्याला आधी कायद्यात जागा पाहिजे, हे मुधोळकरांचं राजकारण बहुधा या मातीतूनच आलं.

तेहतिसाव्या वर्षी लंडन

१८८८ च्या अलाहाबाद अधिवेशनापासून ते काँग्रेसमध्ये दिसू लागले. दोनच वर्षांत मोठी संधी आली. १८९० मध्ये काँग्रेसनं इंग्लंडला शिष्टमंडळ पाठवलं. सुरेंद्रनाथ बॅनर्जी, काँग्रेसचे संस्थापक ह्यूम, मद्रासचे बॅरिस्टर अर्डली नॉर्टन आणि त्यांच्या बरोबर अमरावतीचा हा ३३ वर्षांचा वकील. काम एकच : इंग्लंडच्या मतदारांना सांगायचं, की तुमच्या नावानं हिंदुस्थानात जे राज्य चालतं त्यात हिंदी माणसाला मत नाही, ते द्या. गावोगाव सभा झाल्या. पार्लमेंटमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ नावाचा खासदार याच मागणीचं विधेयक घेऊन उभा होता.

हाती काय लागलं? १८९२ चा कौन्सिल कायदा. त्यात ‘निवडणूक’ हा शब्दसुद्धा नीट नव्हता. संस्थांनी नावं सुचवायची आणि सरकारनं ती नेमायची. सभासदांना अंदाजपत्रकावर बोलता येईल, प्रश्न विचारता येतील, पण मत देता येणार नाही. तरुण पोरांनी याला भीक म्हटलं तर त्यांचं चुकलं नाही. पण प्रश्न विचारायचा हक्क हीसुद्धा तोपर्यंत नसलेली गोष्ट होती. आज लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास टीव्हीवर दिसतो, त्याची सुरुवात शोधत मागे गेलं की हाच टप्पा लागतो.

जेव्हा अख्खा देश बडनेऱ्याला उतरला

डिसेंबर १८९७. काँग्रेसचं तेरावं अधिवेशन अमरावतीत भरलं. अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष खापर्डे. देशभरातून ६९२ प्रतिनिधी आले. मुख्य लाइनवर बडनेऱ्याला उतरायचं आणि तिथून अमरावतीला यायचं, हा तेव्हाचाही रस्ता आणि आजचाही.

वर्ष फार वाईट होतं. नुकताच दुष्काळ होऊन गेला होता. पुण्या-मुंबईत प्लेग होता. जूनमध्ये पुण्यात रँडचा खून झाला होता आणि सप्टेंबरमध्ये टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली होती. त्यामुळे अमरावतीच्या मांडवात टिळक नव्हते आणि तरीही सगळीकडे तेच होते. सुरेंद्रनाथांनी त्यांच्याबद्दल भाषणात सहानुभूती व्यक्त केली तेव्हा मांडव हलून गेला, असं वर्णन आहे. जहाल-मवाळ हे शब्द अजून भिंत झाले नव्हते. वऱ्हाडनं यजमानपण केलं ते दोन्ही स्वभावांच्या माणसांनी मिळून. दहा वर्षांनी हीच माणसं एकमेकांचं तोंड बघणार नव्हती, हे त्या दिवशी कुणाला खरं वाटलं नसतं.

कापूस आपला, कापड त्यांचं

मवाळ म्हणजे फक्त भाषणं, हा समज मुधोळकरांच्या बाबतीत तरी टिकत नाही. त्यांचा जीव अडकला होता तो उद्योगात. वऱ्हाडचा शेतकरी कापूस पिकवतो, तो गाठी बांधून मुंबई बंदरातून विलायतेला जातो, आणि त्याचंच धोतर बनून परत विकायला येतं. वर १८९६ पासून सरकारनं हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के जकात बसवली, कारण मँचेस्टरला स्पर्धा नको होती. अकोल्याच्या बाजारात उभं राहिलं की हे अर्थशास्त्र पुस्तकाशिवाय समजे.

१९०५ मध्ये बनारसला काँग्रेस भरली, तेव्हा तिच्या जोडीला पहिली औद्योगिक परिषद झाली. अध्यक्ष होते रमेशचंद्र दत्त. पुढे या परिषदेचा सरचिटणीस म्हणून मुधोळकरांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि तिचा कारभार चालला तो अमरावतीतून. देशात कुठं कोणता धंदा चालू शकेल, तांत्रिक शिक्षण कुठं मिळतं, भांडवल कसं उभं राहील, याची माहिती गोळा करायची, अहवाल छापायचे, लोकांना पत्रं लिहायची. आज ‘स्टार्टअप इकोसिस्टीम’ म्हणतात त्यातलं रटाळ पण गरजेचं काम. परदेशी कापडाची होळी बघायला हजारो जमत. अहवालाची मुद्रितं तपासायला कोण जमणार? पण होळी झाल्यावर अंगावर घालायला देशी कापड लागतंच, आणि ते कुणीतरी बनवावं लागतं.

सुरतेचा जोडा

१९०७ ची काँग्रेस खरं तर नागपूरला व्हायची होती. पण नागपुरात स्वागत समितीतच जहाल आणि मवाळ यांची अशी जुंपली, की मवाळांनी अधिवेशन उचलून सुरतेला नेलं. जहालांना ते कारस्थान वाटलं. नागपूरवर त्यांचा जोर होता आणि सुरत हा फिरोजशहा मेहतांचा टापू.

२७ डिसेंबरला सुरतेच्या मांडवात टिळक बोलायला उठले, अध्यक्षांनी परवानगी नाकारली, गोंधळ वाढला आणि एक मराठी जोडा हवेतून आला. तो सुरेंद्रनाथांना आणि मेहतांना लागला. मग खुर्च्या, काठ्या, शेवटी पोलीस. काँग्रेस फुटली. दुसऱ्या दिवशी मवाळांनी वेगळी बैठक घेतली. १९०८ मध्ये त्यांनी काँग्रेसची घटना लिहिली, त्यात ध्येय ठरलं : साम्राज्यातल्या इतर स्वायत्त देशांसारखं स्वराज्य, आणि तेही फक्त सनदशीर मार्गानं. या ध्येयावर सही करणाऱ्यालाच काँग्रेसमध्ये प्रवेश. मुधोळकर या बाजूला राहिले.

अमरावतीत याचा अर्थ काय झाला असेल याचा विचार करा. १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. खापर्डे त्यांचं अपील लढवायला विलायतेला गेले. एका बाजूला जेल, काळं पाणी, त्याग. दुसऱ्या बाजूला ‘रावबहादूर’ ही पदवी. तरुण मुलांनी कुणाचा फोटो भिंतीवर लावला असेल ते सांगायला नको. मुधोळकरांची बाजू गर्दीत सांगायला कठीण होती. सरकारनं दडपशाही केली की ती दर वेळी आणखी कठीण व्हायची, कारण ज्या सरकारच्या न्यायबुद्धीवर भरवसा ठेवा असं मवाळ सांगत, तेच सरकार रोज त्यांना तोंडावर पाडत होतं.

फोयाँ गटाचंही असंच झालं होतं. ते राजाच्या शब्दावर उभे होते, आणि राजा आतून परदेशी सैन्याची वाट बघत होता. मात्र एक फरक विसरता येत नाही. बार्नाव्हचा राजा त्याच्याच देशातला, त्याच शहरातला होता. मुधोळकरांचा सम्राट सहा हजार मैलांवर, आणि परका. लुईनं घटना मनापासून पाळली असती तर ती फ्रेंचांची झाली असती. इंग्रजानं दिलेली सुधारणा इंग्रजानं दिलेलीच राहणार होती. ही मवाळ विचारातली सगळ्यात दुखरी जागा.

बांकीपूरची मधली खुर्ची

१९०९ च्या कायद्यानं दिल्लीचं नव्हे, कलकत्त्याचं (तेव्हाची राजधानी तीच) कायदे कौन्सिल मोठं झालं, आणि वऱ्हाडच्या वतीनं मुधोळकर तिथं गेले. त्याच सभागृहात गोखल्यांनी मार्च १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. वर्षभरानं ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. सरकारी सभासदांची भिंतच तशी होती. शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारा कायदा देशात आला तो २००९ मध्ये. म्हणजे त्या १३ मतांची मागणी पूर्ण व्हायला जवळपास शंभर वर्षं गेली.

डिसेंबर १९१२ मध्ये पाटण्याजवळच्या बांकीपूरला काँग्रेस भरली आणि अध्यक्ष झाले मुधोळकर. वय ५५. कल्पना अशी होते की फुलांचे हार, लाखोंची गर्दी. तसं काही नव्हतं. प्रतिनिधी आले जेमतेम दोनशे. पाच वर्षांपूर्वी जहाल बाहेर पडल्यापासून काँग्रेसमधली हवाच गेली होती. काँग्रेसचे पितामह ह्यूम, ज्यांच्या बरोबर मुधोळकर १८९० मध्ये इंग्लंडभर फिरले होते, ते त्याच वर्षी जुलैत वारले होते. आणि अधिवेशनाच्या तीनच दिवस आधी, २३ डिसेंबरला, दिल्लीत व्हाइसरॉय हार्डिंग यांच्यावर हत्तीवरून मिरवणुकीत जाताना बॉम्ब पडला होता. कायद्याच्या वाटेनं चला असं आयुष्यभर सांगणाऱ्या माणसाच्या अध्यक्षपदाची सुरुवात त्या बॉम्बच्या निषेधानं झाली.

त्या मांडवात विलायतेहून नुकताच शिकून आलेला २३ वर्षांचा एक प्रतिनिधी बसला होता. नाव जवाहरलाल नेहरू. ही त्यांची प्रतिनिधी म्हणून पहिली काँग्रेस. पुढे आत्मचरित्रात त्यांनी या अधिवेशनाबद्दल लिहिलं, त्यात कौतुक फारसं नाही. इंग्रजी बोलणाऱ्या, कडक इस्त्रीच्या लोकांचं स्नेहसंमेलन, असा त्यांचा सूर आहे. दक्षिण आफ्रिकेहून परतलेले गोखले तेवढे त्यांच्या मनात भरले.

नेहरूंचं निरीक्षण बोचरं आहे, पण खोटं नाही. मवाळांची सगळ्यात मोठी चूक हीच, की त्यांची भाषा त्यांच्या शेतकऱ्यापर्यंत पोचली नाही. १८९९-१९०० च्या दुष्काळात वऱ्हाड होरपळलं, त्यावर मवाळांनी ठराव केले, आकडे मांडले, सारा कमी करायची मागणी केली. पण ते आकडे इंग्रजीत होते, इंग्रजांना सांगण्यासाठी होते. ज्याच्यासाठी लढाई चालली होती त्याला ती दिसतच नव्हती. टिळकांनी ती गणपतीच्या मांडवात, मराठीत आणली. गर्दी तिकडे गेली ते उगाच नाही.

शेवटची वर्षं

१९१६ मध्ये लखनौला जहाल-मवाळ पुन्हा एकत्र आले. होमरूलची लाट आली, टिळक वऱ्हाडभर फिरले, अकोल्यात सभा झाली. ऑगस्ट १९१७ मध्ये हिंदुस्थानाला टप्प्याटप्प्यानं जबाबदार राज्यपद्धती देऊ, असं इंग्रज सरकारनं जाहीर केलं. जुन्या मवाळांना वाटलं, आपण तीस वर्षं मागत होतो ते दार शेवटी किलकिलं झालं, आता आत जाऊन काम करू. काँग्रेसमधल्या बहुतेकांना वाटलं, हे पुरेसं नाही. पुन्हा फूट. मुधोळकरांनी काँग्रेसचा निरोप घेतला आणि ते लिबरल म्हणजे उदारमतवाद्यांच्या बाजूला गेले. ज्या पक्षाच्या अध्यक्षपदी बसलो तो पाच-सहा वर्षांत सोडायचा, तेही तो जोरात वाढत असताना, याला काय लागत असेल?

१ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले. डिसेंबरमध्ये नागपूरला गांधींची काँग्रेस भरली. प्रतिनिधी चौदा हजारांहून जास्त. बांकीपूरच्या दोनशेंशी तुलना करून बघा. असहकाराचा ठराव पक्का झाला : कोर्टावर बहिष्कार, कौन्सिलवर बहिष्कार, सरकारी पदव्यांवर बहिष्कार. मुधोळकरांनी ज्या तीन गोष्टींवर आयुष्य उभं केलं होतं त्या तिन्ही एका ठरावात गेल्या. तेही त्यांच्या घरापासून रेल्वेनं काही तासांच्या अंतरावर.

दोनच आठवड्यांनी, १३ जानेवारी १९२१ ला, मुधोळकरांचं निधन झालं. वय ६३.

आणखी एक गोष्ट त्या दोन खोक्यांच्या आकृतीत बसत नाही. जहाल खापर्डे यांनाही गांधींचा असहकार पटला नाही. नव्या कायद्यानं आलेल्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये ते जाऊन बसले. म्हणजे अमरावतीचा जहाल आणि अमरावतीचा मवाळ, दोघंही शेवटी एकाच काठावर सापडले. राजकारणात ‘जहाल’ कोण हे बऱ्याचदा तारीख बघून ठरतं.

मग हिशेब काय?

बार्नाव्हची मान गेली, लाफायेतची पाच वर्षं गेली. मुधोळकरांना त्यातलं काही भोगावं लागलं नाही. त्यांना मिळालं ते विस्मरण. आपल्या कॉलेजमध्येही हे दिसतं. फी वाढली की एक जण गेट बंद करतो, घोषणा देतो, त्याची रील व्हायरल होते. दुसरा विद्यापीठाचा नियम शोधून काढतो, माहिती अधिकारात अर्ज टाकतो, कुलगुरूंना निवेदन देतो, तीनदा चकरा मारतो. गेट बंद झालं नसतं तर निवेदन कुणी वाचलं नसतं, हे खरं. आणि निवेदनात नियमाचा क्रमांक नसता तर गेट उघडल्यावर हाती काहीच लागलं नसतं, हेही खरं. आपण पहिल्याला नेता म्हणतो आणि दुसऱ्याचं नाव विसरतो. इतिहासाचं पुस्तकही तेच करतं.

लॉ करणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी शेवटची एक नोंद. रघुनाथरावांचे चिरंजीव जनार्दन रघुनाथ मुधोळकर पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९६४ मध्ये सज्जनसिंह विरुद्ध राजस्थान सरकार या खटल्यात सतराव्या घटनादुरुस्तीचा प्रश्न होता. पाच न्यायमूर्तींनी दुरुस्ती कायम ठेवली. पण न्या. मुधोळकरांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात एक शंका लिहून ठेवली : घटनेची काही मूलभूत वैशिष्ट्यं असतात का, आणि ती बदलणं याला दुरुस्ती म्हणायचं की घटनेचा एक भाग नव्यानंच लिहिणं? त्या वेळी त्या शंकेवर निर्णय झाला नाही. नऊ वर्षांनी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्ती बसले आणि सात विरुद्ध सहा अशा मतांनी ‘मूलभूत चौकट’ हा सिद्धांत उभा राहिला. संसदेत कितीही मोठं बहुमत असलं तरी ती चौकट मोडता येत नाही, हे आज आपण दुसऱ्या सेमिस्टरला शिकतो.

बापानं परक्या सम्राटाच्या सत्तेला कायद्याची वेसण घालायचा प्रयत्न केला. तो अर्धाच साधला. मुलानं तोच प्रश्न आपल्याच लोकांच्या सरकारला विचारला. मुधोळकर पेठेतून गाडी काढताना पुढच्या वेळी पाटीकडे एकदा बघा. आणि ग्रंथालयात गेलात तर सज्जनसिंह खटल्यातलं ते निकालपत्र काढून वाचा. ते फार मोठं नाही.